हयातीचा दाखला

नोव्हेंबरात येतात त्या,
जिवंत आहोत एवढंच सांगायला.
खिडकी चार दहाला उघडते.
त्या आठपासून पायरीवर,
चपला रांगेत ठेवून स्वतः लिंबाखाली.

मशीन तळहाताएवढं, आत लाल उजेड.
अंगठा ठेवा.
दाबा.
पदराला पुसून ठेवा.
बरं, डावा ठेवा.
मशीन म्हणतं, जुळत नाही.
चाळीस वर्षं, दिवसाला हजार विड्या,
रेघा पानांनीच नेल्या वळता वळता.
हे दिल्लीला कोण सांगणार?
मी सांगतो. लेखी, योग्य मार्गाने.
उत्तर येतं : कृपया पुन्हा प्रयत्न करावा.

भूदेवी चिप्पा, राहणार विडी घरकुल.
कारखान्याच्या वहीत बुदेव्वा,
आधारवर भुदेवीबाई,
बँकेत नुसतीच बी. चिप्पा.
एका लुगड्यात चार बायका,
आणि नियमाप्रमाणे चौघींपैकी एकीलाही
अकराशे बारा रुपये देता येत नाहीत.
"मी हितंच उभारलेय की, सायेब.
अजून काय दावू?"

मंगळवेढ्यात माझं नेमणूकपत्र आलं तेव्हा
आत्यानं गल्लीभर पेढे वाटले होते,
सेंट्रलची नोकरी, सेंट्रलची, असं दोनदा म्हणत.
मग सिल्चरला सहा वर्षं.
वडील गेल्याचं कळलं तेव्हा मी
तीन गाड्या आणि दोन रात्री लांब होतो.
बदलीचे अर्ज सात. आठवा मंजूर.

इथे एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत.
मे महिन्यात प्रत्येकाचं तिथे काहीतरी काम निघतं.
हिंदी पखवाड्यात निबंधाला तिसरं बक्षीस मिळालं, भिंतीवरचं घड्याळ,
तेच लावलंय खिडकीवर. सात मिनिटं मागे.
आणि गंमत म्हणजे मी दोन हजार नऊचा,
मला जुनी पेन्शन नाही.
दुसऱ्यांच्या म्हातारपणाची बेरीज करतो,
माझी बाजार करतो.

कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली.
रविवारी स्कूटर काढली, साखर पेठेत
म्हातारे मुनीम शोधले. (प्रवासभत्ता मागितला नाही,
मागितला असता तर अजून पत्रं चालली असती.)
पोत्यांमागून वही निघाली, कसर लागलेली.
मुनीम बोट फिरवत गेले नावांवरून,
कुठे थांबले, ही गेली म्हणाले, हीसुद्धा,
ही सुरतेला लेकाकडे...
"बुदेव्वा. ही पाहा. पान फार बारीक कापायची."
ते पान कापणं कोणत्या रकान्यात भरू?
मी फोटो काढला, शिक्का घेतला, सही घेतली.

पुढे डोळ्याचं मशीन. त्याची मागणी
अकरा महिने फिरत होती, ते नेमकं आलं.
डोळे मोठे करा, आजी. मिटू नका.
"काय बघूलालाव येवढं आत?"
आणि पडद्यावर हिरवी खूण.
सगळ्या खिडक्यांतली माणसं वळून बघायला लागली,
कारण मी ओरडलो होतो. काय ओरडलो ते आठवत नाही.

आठवड्यानं आली, शेंगाचटणी घेऊन.
माझ्या मागे भिंतीवर सतर्कता सप्ताहाचा फलक,
खाली माझीच सही : मी काही घेणार नाही.
चालत नाही, म्हणालो. परत न्या.
ती थोडा वेळ फलकाकडे बघत राहिली.
वाचता येत नव्हतं तिला, पण समजलं असावं.
तिथेच पुडी सोडली.
"वास तर घ्या. वासाची पावती लागत न्हाई."
दुपारभर लसणाचा वास फायलींना.
अधिकारी येऊन विचारून गेले, कुणी डबा उघडला?

सहाला मी माझा अंगठा
हजेरीच्या मशीनवर ठेवतो.
लगेच हिरवा. बाई म्हणते, धन्यवाद.
दिव्याखाली धरून पाहतो :
गोल, चक्रं, सगळ्या रेघा जागच्या जागी.
एवढ्या वर्षांत
एकही झिजलेली नाही.